नाशिकहून उन्हाळ्यात सर्फिंगला निघताना: नवख्यांनी किनारा कसा निवडायचा

‘गोव्याचं बुकिंग झालंय, २६ मेला पोहोचतोय. तिथे सर्फिंग कुठे शिकता येईल?’ असा निरोप मला दर उन्हाळ्यात कुणा ना कुणाकडून येतो. हॉटेल ठरलेलं, रजा मंजूर, मुलांनी गॉगल घेतलेले. आणि मला सांगावं लागतं की त्या तारखेला त्या समुद्रात नवख्या माणसाने बोर्ड घेऊन उतरू नये.

चूक बहुतेकांची एकच असते. आधी हॉटेल, मग किनारा आणि शेवटी समुद्र, असा उलटा क्रम. सर्फिंगसाठी आधी तारीख, मग किनारपट्टी, मग नेमका किनारा, मग शिकवणारा, आणि अगदी शेवटी त्या दिवसाचा तास ठरवायचा. आपण नाशिककर डोंगरातली माणसं. हरिहर गडावर कुठल्या महिन्यात जायचं आणि पावसात कुठल्या पायऱ्या टाळायच्या, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. समुद्राचं तसं ज्ञान आपल्या अंगात नाही, म्हणून ते पायरी पायरीने मिळवावं लागतं.

टप्पा १: तारीख आधी ठरवा

शाळेची सुट्टी आणि समुद्राचा हंगाम एकमेकांशी जुळत नाहीत. नाशिकच्या शाळा मेमध्ये बंद असतात आणि जूनच्या मध्याला उघडतात. त्यामुळे बहुतेक कुटुंबं मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात निघतात. नेमक्या त्याच वेळी पश्चिम किनारा बदलायला लागतो. नैऋत्य मोसमी पाऊस केरळात साधारण १ जूनला पोहोचतो, पण त्याच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा पावसाच्या पुढे चालतात. आकाश निरभ्र, ऊन कडक, आणि पाणी मात्र आठवड्याभरापूर्वीचं राहिलेलं नसतं.

कोळी बांधवांचं वेळापत्रक बघा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि होड्या नारळी पौर्णिमेनंतर खऱ्या अर्थाने पाण्यात जातात. सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या जलक्रीडाही मे संपता संपता थांबतात. आयुष्य पाण्यावर काढलेली माणसं होडी वर ओढत असतील, तर पहिल्यांदा बोर्ड धरणाऱ्याने त्या दिवसांत तिथे काय करायचं?

मे महिन्यात वादळंही येतात. २०२१ साली तौक्ते चक्रीवादळ १७ मेला गुजरातच्या किनाऱ्यावर धडकलं. त्याआधीचे दिवस केरळपासून कोकणापर्यंतचा समुद्र खवळलेला होता.

म्हणून पश्चिम किनाऱ्यासाठी माझी मर्यादा अशी: मार्चच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. १० मेनंतरची तारीख असेल तर पूर्व किनाऱ्याचा विचार करा, नाहीतर हा बेत दिवाळीनंतर ढकला. मुलांच्या परीक्षा एप्रिलमध्ये संपत असतील तर दुसऱ्याच दिवशी निघा. मामाच्या गावाला नंतर जाता येतं.

*तपासा:* रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं. एप्रिलच्या शेवटी जायचं तर फेब्रुवारीच्या शेवटीच बसावं लागतं. लाटांचा भरवशाचा अंदाज मात्र पाच-सहा दिवसांच्या पुढे मिळत नाही. म्हणून तिकीट ऋतू पाहून काढायचं आणि मुक्काम निदान चार दिवसांचा ठेवायचा, म्हणजे एक-दोन दिवस समुद्राने नाही म्हटलं तरी बेत वाया जात नाही. शनिवार-रविवारची धावती ट्रिप सर्फिंगला पुरत नाही.

टप्पा २: किनारपट्टी निवडा

*जवळचा समुद्र.* त्र्यंबक-जव्हार रस्त्याने डहाणू-बोर्डी आपल्याला सगळ्यांत जवळ, त्यामुळे पहिला प्रश्न तिथलाच येतो. तिथे चिकू खा, सुरूच्या सावलीत बसा; सर्फिंग नाही. खंभातच्या आखाताकडचा हा समुद्र उथळ आणि गढूळ, भरती-ओहोटीतला फरक मोठा. ओहोटीला पाणी इतकं आत जातं की चालत गाठावं लागतं, आणि उन्हाळ्यात नीट आकाराची लाट क्वचितच येते.

*मधलं कोकण.* दिवेआगर, कर्दे असे सपाट, लांबलचक किनारे आहेत. लाटेत खेळायला छान. पण सर्फिंग शिकायचं तर बोर्ड, शिकवणारा आणि जीवरक्षक तिन्ही एका जागी हवेत, आणि कोकणात हे तिन्ही एकत्र मिळणं अवघड. गणपतीपुळ्याला देवदर्शन करा, तिथल्या पाण्यात प्रयोग नको. त्या किनाऱ्यावर पर्यटक बुडाल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचत आलोय.

*उत्तर गोवा.* अश्वे, मांद्रे, हरमल या पट्ट्यात वाळूचा तळ, हलका उतार आणि शिकवणारे आहेत. मार्च-एप्रिलमध्ये लाटा लहान असतात, कधी कधी अगदीच नसतात. एखादा दिवस नुसता पोहण्यात जाईल हे धरून चला. पहिल्या ओळखीसाठी मला ही जागा आवडते, कारण इथे चूक झाली तरी समुद्र फार मोठी शिक्षा करत नाही.

*कर्नाटक.* मंगळुरूच्या उत्तरेला साधारण ३० किलोमीटरवरचं मुल्की हे भारतातल्या सर्फिंगचं जुनं घर. इथल्या मंत्रा सर्फ क्लबने २००४ पासून शिकवायला सुरुवात केली. आपल्या सोयीचं म्हणजे मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस नाशिकरोडला थांबते आणि कोकण रेल्वेने थेट उडुपी-मंगळुरूला नेते. गाडी बदलायची नाही, मुंबईत सामान ओढायचं नाही. एप्रिलमधल्या चार-पाच दिवसांसाठी मी पहिली पसंती मुल्कीला देते.

पण जपून: मुल्कीजवळच्या ससिहित्लूला शांभवी आणि नंदिनी या नद्या समुद्राला मिळतात. इथे मेअखेर-जूनच्या सुरुवातीला इंडियन ओपन ऑफ सर्फिंग ही राष्ट्रीय स्पर्धा भरते. स्पर्धेचे व्हिडिओ पाहून लोक त्याच तारखा धरतात. स्पर्धा तेव्हा ठेवतात कारण तेव्हा लाटा मोठ्या आणि जोरदार असतात. म्हणजे त्या तारखा आपल्यासाठी नाहीत.

*केरळ.* वर्कला आणि कोवळम सुंदर, पण मार्चपर्यंतच. एप्रिल-मे मध्ये या किनाऱ्यावर ‘कल्लक्कडल’ येतं. मल्याळममध्ये त्याचा अर्थ चोरासारखा येणारा समुद्र. हजारो किलोमीटर दूर, हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला वादळ होतं आणि त्याच्या लाटा इथे वारा नसताना, स्वच्छ उन्हात येऊन आदळतात. ६ मे २०२४ ला कन्याकुमारी जिल्ह्यात अशाच दिवशी पाच तरुण वैद्यकीय विद्यार्थी बुडाले. इशारा दिलेला होता. किनाऱ्यावर उभं राहून धोका दिसत नव्हता.

*तामिळनाडू.* चेन्नईच्या दक्षिणेला ४० किलोमीटरवरचं कोवळम, ज्याला तिथे कोव्हलाँगही म्हणतात, आणि पुढे महाबलीपुरम. ज्यांना मेमध्येच सुट्टी आहे त्यांनी इकडे पाहावं. मोसमी वारे इथे जमिनीकडून येतात, त्यामुळे पश्चिम किनारा खवळलेला असतानाही इथल्या सकाळी बऱ्याचदा नीटस लाटा मिळतात. उकाडा मात्र भयंकर. मेच्या त्या दिवसांना तिथे ‘अग्नी नक्षत्रम’ म्हणतात. नाशिकच्या ४० अंशांची सवय इथे कामाला येत नाही, कारण इथे घाम वाळत नाही. पहाटे पाण्यात, नऊच्या आत सावलीत, एवढंच गणित.

*श्रीलंका.* परदेशी जाणार असाल तर एक गोष्ट पक्की करा. वेलिगामा हा दक्षिणेकडचा किनारा नवख्यांसाठी प्रसिद्ध आहे, पण त्याचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. मेपासून हंगाम पूर्वेला, अरुगम बेच्या बाजूला सरकतो. तिथेही मुख्य पॉइंट सोडून नवख्यांना नेतात त्या बाजूलाच जायचं.

टप्पा ३: सहा आठवडे आधी अंग तयार करा

‘मला पोहता येतं’ या वाक्याची नीट तपासणी करा. विहिरीत मुटका मारणं, गोदावरीत लहानपणी डुंबणं आणि समुद्रात पोहणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. विहिरीला काठ असतो. तलावात तळ दिसतो. समुद्रात नाकातोंडात पाणी गेल्यावर सावरायला जो वेळ लागतो, तेवढ्यात पुढची लाट येते.

त्र्यंबक रोडचा सावरकर तलाव असो की नाशिकरोडचा, महापालिकेच्या तलावावर सकाळची वेळ घ्या आणि या चार गोष्टी जमेपर्यंत सोडू नका. न थांबता २०० मीटर. पाठीवर पाच मिनिटं तरंगणं. तळाला पाय न लावता एका जागी दोन-तीन मिनिटं राहणं. आणि पाण्याखाली श्वास सोडत दहा सेकंद शांत राहणं. शेवटची सगळ्यांत महत्त्वाची. लाटेने पालथं केलं की घाबरून तडफडणाऱ्याचा श्वास संपतो. जो सैल राहतो तो काही सेकंदांत आपोआप वर येतो.

घरी सतरंजीवर रोज वीसदा पॉप-अप करा. पोटावर झोपायचं, तळहात छातीच्या बाजूला टेकवायचे, एका झटक्यात दोन्ही पाय अंगाखाली घ्यायचे, गुडघ्यावर न थांबता उभं राहायचं. डोळे समोर, पायांकडे नाही. गुडघ्यावर थांबायची सवय घरात लागली तर पाण्यात ती सुटत नाही. मागून कुणाला तरी हलका धक्का द्यायला सांगा. तोल सावरायला जो पाय आपोआप पुढे पडतो तो तुमचा पुढचा पाय. बोर्डाची दोरी, म्हणजे लीश, मागच्या पायाच्या घोट्याला बांधतात, म्हणून हे आधीच माहीत असलेलं बरं.

*धोका:* सराव म्हणून गंगापूर धरणात किंवा नदीच्या डोहात उतरू नका. गाळ, गवत आणि अचानक खोली, आणि आसपास बघणारं कुणी नाही. तलावच हवा.

टप्पा ४: नकाशावरून किनारा वाचा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि तो घरी बसून, फुकट होतो. मोबाइलवरचा उपग्रह नकाशा उघडा आणि निवडलेल्या किनाऱ्यावर जवळ जा. संगणकावर गुगल अर्थ असेल तर जुनी चित्रंही उलटून पाहता येतात.

आधी पांढऱ्या रेघा मोजा. फुटणाऱ्या लाटांचा फेस उपग्रहातून पांढऱ्या रेघांसारखा दिसतो. किनाऱ्याला समांतर दोन-तीन रेघा, एकमेकींपासून बऱ्याच अंतरावर असतील तर उतार हलका आहे. लाटा दुरूनच फुटत, फेसाळत, सावकाश आत येतात. एकच जाड रेघ वाळूला चिकटून असेल तर उतार तीव्र आहे. लाट किनाऱ्यावरच येऊन आपटते आणि माणसाला मानेवर आदळते. पहिला किनारा तुमचा, दुसरा नाही.

यामागचं कारण समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण १.३ पट उरली की लाट फुटते. म्हणजे पाऊण मीटरची लाट एक मीटर पाण्यात, तुमच्या कमरेइतक्या खोलीला फुटते. हलक्या उतारावर तिच्यापुढे पन्नास-साठ पावलं कमरेखालचं पाणी असतं. शिकायला हवं ते एवढंच: पाय टेकतील असं पाणी आणि लांबवर ढकलत नेणारा फेस.

मग अडथळे शोधा. काळे डाग म्हणजे खडप. सरळ दगडी बांध म्हणजे त्याच्या कडेने आत ओढणारा प्रवाह. नदी किंवा खाडीचं मुख म्हणजे ओहोटीच्या वेळी समुद्राकडे धावणारं पाणी. होड्यांची रांग म्हणजे दोऱ्या, जाळी आणि होडीचा येण्याजाण्याचा मार्ग. या सगळ्यांपासून निदान तीनशे मीटर दूर मोकळी वाळू हवी.

*तपासा:* किनाऱ्याजवळ रस्ता आहे का, सर्वांत जवळचं रुग्णालय किती अंतरावर, मोबाइलचं नेटवर्क कसं. निर्जन किनारा फोटोत चांगला दिसतो. पहिल्या चार दिवसांसाठी माणसं असलेला किनारा घ्या.

टप्पा ५: शिकवणारा निवडा, बोर्ड भाड्याने घेऊ नका

माझ्या पहिल्या वेळची गोष्ट सांगते. मेचा तिसरा आठवडा होता, बरोबर भाची होती. किनाऱ्यावरच्या एका शॅकवाल्याने दोन जुने कडक फायबरचे बोर्ड दिले, त्यातल्या एकाला लीश नव्हती. ‘कमरेइतक्या पाण्यातच राहा,’ एवढीच शिकवणी. पहिल्याच लाटेला भाचीच्या हातून बोर्ड सुटला आणि उलटा फिरून माझ्या खांद्यावर बसला. थोडा वर लागला असता तर डोकं होतं. महिनाभर उजवा हात वर जात नव्हता. आणि ती पोर नंतर दोन वर्षं समुद्राला घाबरली, याचं मला खांद्यापेक्षा जास्त वाईट वाटतं.

म्हणून फोन करून हे विचारा:

एका शिक्षकामागे किती जण? जास्तीत जास्त चार. आठ जणांचा घोळका असेल तर मी जात नाही.
शिक्षकाकडे सर्फिंग फेडरेशन ऑफ इंडिया किंवा आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेचं प्रमाणपत्र आहे का? पाण्यातून वाचवण्याचं आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण?
बोर्ड कोणता? आठ-नऊ फुटी, मऊ फोमचा हवा. लांब आणि रुंद बोर्ड तरंगतो, स्थिर राहतो आणि लागला तरी हाड मोडत नाही. ‘हलका, छोटा बोर्ड देतो, वळवायला सोपा’ असं म्हणणारा तुमच्या भल्याचं बोलत नाही.
पाण्यात जाण्याआधी वाळूवर शिकवता का, आणि किती वेळ?
लाटा योग्य नसल्या तर पैसे परत करता की दुसरा दिवस देता?

शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून माणूस कळतो. ‘आमच्याकडे रोज होतं, काळजी नको,’ हे उत्तर मला नको असतं. ‘सकाळी बघून सांगू,’ हे हवं. आणि त्याने तुम्हाला उलट विचारलं पाहिजे: पोहता येतं का, वय काय, खांदा-गुडघा-कंबर कशी आहे, दमा किंवा फिट येण्याचा त्रास आहे का. काहीच न विचारणाऱ्याकडे पैसे भरू नका.

टप्पा ६: लाटांचा अंदाज वाचा

निघायच्या पाच दिवस आधीपासून रोज पाहा. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था आपल्या किनाऱ्यांसाठी लाटांचा अंदाज आणि उंच लाटांचे इशारे देते. विंडी किंवा सर्फलाइन या ॲपवर असेच आकडे तासावार दिसतात. चार गोष्टी वाचायच्या.

उंची: अर्धा ते एक मीटर. त्याखाली बोर्ड ढकलला जात नाही, त्यावर नवख्याचं काम नाही. लोक इथे फसतात. अंदाजातला आकडा म्हणजे सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी. अधूनमधून एखादी लाट त्याच्या जवळजवळ दुप्पट येऊ शकते. आणि उंची दुप्पट झाली की लाटेतली ऊर्जा चौपट होते. ‘एकऐवजी दीड मीटर, त्यात काय,’ असं कुणी म्हटलं तर त्याला हा हिशोब सांगा.

अवधी: दोन लाटांमधले सेकंद. आठ ते बारा ठीक. पाच-सहा सेकंद म्हणजे वाऱ्याने ढवळलेलं पाणी, एक लाट सांभाळेपर्यंत दुसरी डोक्यावर. चौदा-पंधराच्या पुढे गेला तर अधिक सावध व्हा: उंची कमी दिसली तरी या लांबून आलेल्या लाटा जोरदार असतात. कल्लक्कडल असंच येतं.

वारा: पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे लाटेचा चेहरा गुळगुळीत ठेवतात. दहा-अकराच्या सुमाराला खारे वारे सुरू झाले की पाणी विस्कटतं. म्हणून साडेसहा ते नऊ. दुपारी चारचा ‘सोयीचा’ वर्ग घेऊ नका.

भरती-ओहोटी: कोकणात जुनी माणसं तिथीला तीनने गुणून चारने भागतात, की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. अंदाजासाठी कोकणात हे चालतं. इतर किनाऱ्यांसाठी तिथलं भरतीचं कोष्टकच पाहा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाण्याची ये-जा जास्त आणि प्रवाह जोरात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी शांत. पहिल्या वर्गासाठी मी भांगाचे दिवस धरते आणि पाणी चढतं असेल ती वेळ. भर ओहोटीला समुद्राकडे ओढणारे प्रवाह सहसा जास्त जोरात असतात.

*धोका:* इन्कॉइसचा उंच लाटांचा इशारा असेल, तर समुद्र कितीही शांत दिसो, त्या दिवशी पाण्यात जायचं नाही. वळवाचे ढग जमले आणि गडगडाट ऐकू आला तर लगेच बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेरच.

टप्पा ७: किनाऱ्यावर वीस मिनिटं नुसतं बघा

बोर्ड हातात घेण्याआधी, कपडे बदलण्याआधी. घड्याळ लावून वीस मिनिटं. पाच मिनिटं पुरत नाहीत, कारण मोठ्या लाटा गटाने येतात आणि दोन गटांमध्ये दहा-पंधरा मिनिटं समुद्र गरीब गाईसारखा दिसतो.

शोधायची पहिली गोष्ट म्हणजे ओढ. किनाऱ्याकडे आलेलं पाणी कुठून तरी परत जातंच. ते अरुंद पट्ट्यातून जोरात जातं. डावी-उजवीकडे लाटा फुटताहेत आणि मध्येच एक पट्टा गडद, सपाट, जवळजवळ लाटाच नसलेला दिसतो, तिथे ती असते. फेस किंवा वाहून आलेला कचरा समुद्राकडे जाताना दिसला तर खात्री. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो, कारण ते सगळ्यांत शांत दिसतं. मी भाचीला आधी हेच बघायला शिकवलं आणि आता ती माझ्याआधी बोट दाखवते.

मग वाळू. भरड, पाय रुतणारी वाळू बहुधा तीव्र उतार सांगते. बारीक, घट्ट, सायकल चालेल अशी पुळण हलका उतार. मग झेंडे: लाल-पिवळ्या झेंड्यांमधला भाग जीवरक्षकांच्या नजरेखाली असतो, नुसता लाल झेंडा म्हणजे पाण्यात जाऊ नका. जीवरक्षकाला नाव सांगा, कुठे उतरताय ते सांगा. जाळी दुरुस्त करत बसलेला कोळी दिसला तर त्यालाही विचारा, ‘काका, आज पाणी कसं आहे?’ त्याचं उत्तर ॲपपेक्षा ताजं असतं.

शेवटी किनाऱ्यावरची एक ठळक खूण ठरवा, एखादं माड किंवा रंगीत छप्पर. पाण्यात असताना दर पाच मिनिटांनी तिच्याकडे बघायचं. सरकलेलं कळत नाही, खूणच सांगते.

टप्पा ८: पहिला तास

अंगात पूर्ण बाह्यांचा घट्ट रॅश गार्ड, चेहऱ्यावर झिंकचं सनस्क्रीन. उन्हाळ्यात आपला समुद्र २८ ते ३० अंश असतो, वेटसूटची गरज नाही. निघण्याआधी अर्धा लिटर पाणी प्या. पाण्यात असूनही शरीर कोरडं पडतं.

लीश मागच्या घोट्याला. ती हाताला किंवा बोटाला कधीही गुंडाळायची नाही. चालताना पाय तळाला घासत न्या, म्हणजे वाळूत दडलेला पाकट सरकून जातो. आणि बोर्ड कधीही तुम्ही आणि लाट यांच्या मध्ये आडवा धरू नका. टोक लाटेकडे, बोर्ड तुमच्या बाजूला. माझ्या खांद्याला जे झालं ते याच एका चुकीने.

पहिला तास फक्त फुटलेल्या लाटेच्या फेसावर, कमरेइतक्या पाण्यात. न फुटलेल्या लाटेच्या मागे जाऊ नका; तिथे जायला दोन-तीन दिवस लागतात आणि ते ठीक आहे. आधी नुसतं पोटावर झोपून किनाऱ्यापर्यंत घसरा, चार-पाचदा. मग पॉप-अप. टोक सारखं पाण्यात घुसत असेल तर थोडं मागे सरका. बोर्ड ओढल्यासारखा रेंगाळत असेल तर थोडं पुढे.

पडायचं कसं हे शिक्षकाकडून दोनदा करून घ्या. बोर्डापासून दूर, बाजूला किंवा मागे, पोट किंवा पाठ पसरून, पाण्यात जितकं कमी खोल जाल तितकं बरं. डोकं आधी कधीच नाही. उथळ पाण्यात सूर मारून मान मोडते. पाण्याखाली दोन्ही हात डोक्यावर, वर येतानाही एक हात वर, कारण बोर्ड कुठे आहे ते दिसत नसतं.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे पोहू नका, त्यात माणूस दमतो आणि दमलेला माणूस बुडतो. बोर्ड सोडू नका, तो तरंगतो. त्यावर आडवे व्हा, एक हात उंच करून हलवा. ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर वल्हवत बाजूला सरका. लाटा फुटताहेत तिथे पोहोचलात की त्याच तुम्हाला आत आणतील. बाहेरच्या माणसाने मागे उडी मारायची नाही. जीवरक्षकाला हाक, ११२ ला फोन, आणि तरंगणारं काहीही फेकायचं.

दीड तासानंतर बाहेर या, मजा येत असली तरी. हात थकले की पॉप-अप अर्धवट होतो आणि दुखापती त्याच वेळी होतात. ‘अजून एकच लाट’ म्हणावंसं वाटेल, तेव्हा शिक्षकाकडे बघा. तो बाहेर चला म्हणत असेल तर वाद घालू नका.

बाहेर आल्यावर सावलीत बसून वहीत पाच ओळी लिहा: तारीख, तिथी, अंदाजातली उंची आणि अवधी, प्रत्यक्षात लाट कंबरेला होती की छातीला, ओढ कुठे होती. चार दिवसांच्या चार नोंदी झाल्या की मोबाइलवरचा ‘०.८ मीटर, १० सेकंद’ हा आकडा वाचताना तुम्हाला लाट डोळ्यांसमोर दिसायला लागते. पुढच्या मार्चमध्ये नाशिकरोडहून गाडीत बसण्याआधी ती वही पुन्हा उघडा.